उन्हाळ्यात लहान समुद्री टाकीचे पाणी तापते आणि खारटही होते : उपकरणांच्या निवडीत नेमके काय चुकते

पन्नास-साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम चालते आणि मार्चच्या मध्यापासून तिची कुरकुर सुरू होते. दुपारी पाणी ३० अंशांवर जाते, क्लाउनफिश पृष्ठभागाजवळ येऊन भराभर कल्ले हलवू लागतात, मश्रूम प्रवाळ मिटून खडकाला चिकटून बसतात आणि कात टाकताना एखादी कोळंबी मरते. मालक पंखा आणून लावतो. आठवडाभर बरे वाटते, मग पंपातून बारीक बुडबुडे येऊ लागतात, काचेच्या कडांवर मिठाची पांढरी खपली धरते आणि पंखा असूनही प्रवाळ मिटलेलेच राहतात. पावसाळ्यात सगळे निवळते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा तेच रडगाणे.

माझी टाकी पुण्यात आहे आणि माझ्या मावसभावाची डोंबिवलीत. दोघांनी एकाच मापाच्या टाक्या घेतल्या : ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच, म्हणजे हिशेबाने ६५ लिटर, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात उरते ५० लिटर पाणी. पंप, दिवा आणि पंखाही दोघांकडे एकाच जातीचे होते. गेल्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, “दादा, टाकी तीच, पंखा तोच, मग माझंच पाणी का तापतं?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझ्याही टाकीतले दोष उघडे पडले. खाली लिहिलेले बहुतेक सगळे त्या शोधातून आलेले आहे.

खरेदीआधी एक आठवडा मोजमाप

अशा वेळी पहिली चूक होते ती लगेच दुकानात जाण्याची. त्याआधी सात दिवस, सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता पाण्याचे तापमान वहीत लिहावे. काचेवर बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी यासाठी निरुपयोगी आहे, कारण ती पाण्याइतकीच खोलीतल्या हवेचीही खबर देते. पाण्यात बुडणाऱ्या शलाकेचा साधा डिजिटल तापमापक पुरतो. मात्र बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात तो एकदा बुडवून पाहावा. त्याने शून्याच्या आसपास आकडा दाखवला तर विश्वास ठेवावा, दीड-दोन अंशांची तफावत दिसली तर ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

दुसरे माप बाष्पीभवनाचे. मागे कप्पे असलेल्या टाकीत पुढच्या भागाची पातळी कधीच हलत नाही; उडालेल्या पाण्याची सगळी तूट पंपाच्या कप्प्यात दिसते. त्या कप्प्यावर मार्करने रेघ मारावी आणि बरोबर चोवीस तासांनी, मोजपात्राने गोडे पाणी घालत, किती मिलिलिटरमध्ये पातळी रेघेवर येते ते पाहावे. माझ्याकडे हा आकडा जानेवारीत ६०० मिलिलिटर होता आणि एप्रिलमध्ये, पंखा चालू असताना, दीड लिटर. पंपाचा कप्पाच मुळात चारेक लिटरचा. त्यातून दीड लिटर गेले की पंपाचे तोंड अर्धे उघडे पडते आणि तो पाण्याबरोबर हवा ओढू लागतो. बुडबुड्यांचे मूळ हेच असते, आणि लोक मात्र बुडबुडे दिसले म्हणून पंप बदलतात.

तिसरे माप खारटपणाचे. समुद्राच्या पाण्यात दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि २५ अंशांवर त्याची सापेक्ष घनता १.०२६ भरते. मला पहिल्या वर्षी दुकानदाराने काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर दिला होता. त्याच्या काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो आणि काटा जुना होऊन खरखरीत झाला की मधेच अडकतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारे उपकरण, घ्यावा, पण तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून समाधान मानू नये, कारण स्वस्तातले बरेचसे साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याला दीडेक अंकाने चुकतात. ३५ च्या प्रमाणित द्रावणाची छोटी बाटली मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास अचूक वजनकाट्यावर ३६.५ ग्रॅम कोरडे मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. त्याचे वक्रीभवन ३५ च्या समुद्राच्या पाण्याएवढे असते, तेव्हा त्याचा थेंब टाकून रेघ ३५ वर आणावी.

वॅटचा हिशेब

आता दुखण्याच्या मुळाशी येतो. पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. पाणी ढकलण्याची शक्तीसुद्धा घर्षणातून उष्णताच होते. माझा रिटर्न पंप, म्हणजे मागच्या कप्प्यातले पाणी पुढे टाकीत परत ढकलणारा पंप, २८ वॅटचा होता. पन्नास लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे २०५ किलोज्यूल लागतात, आणि २८ वॅटचा पंप तासाला १०० किलोज्यूल देतो. म्हणजे टाकीतून काहीच उष्णता बाहेर गेली नसती, तर या एका पंपाने तासाला अर्धा अंश तापमान चढवले असते.

उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः बाष्पीभवनाने. दिवसाला एक लिटर पाणी उडते, तेव्हा टाकीतून सरासरी २८ वॅट उष्णता निघून जाते. या दोन आकड्यांचा मेळ लक्षात आला तेव्हा मी वही मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो, कारण त्याचा अर्थ सरळ होता : माझा पंप रोज एक लिटर पाणी पीत होता, आणि ते भरून काढण्यासाठी मी पंखा, पंख्यामुळे वाढलेल्या तुटीसाठी आपोआप पाणी भरणारे यंत्र, आणि त्या यंत्रासाठी शुद्ध पाण्याचे डबे असा सगळा लवाजमा उभा करत होतो.

म्हणून उपकरणे निवडताना पहिला प्रश्न काय जोडायचे हा नसून काय काढायचे हा असावा. पन्नास लिटरच्या टाकीत डीसी मोटरचा सात-आठ वॅटचा रिटर्न पंप आणि प्रवाहासाठी तीन-चार वॅटचे एक पॉवरहेड (टाकीच्या आतच पाणी फिरवणारा छोटा पंप) पुरेसे असते. डीसी पंप महाग पडतो, पण त्याचा वेग कमी-जास्त करता येतो. पंप बदलण्याआधी जुना एकदा उघडून अवश्य पाहावा. चक्रीवर आणि तिच्या घरात चुन्याचा थर बसला असेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन तासभर भिजवावा. माझ्या पंपातून खडूसारखा थर निघाला होता आणि त्यानंतर त्याची घरघर थांबली.

दिव्याचेही तसेच. बाजारात छोट्या टाकीसाठीसुद्धा सत्तर-ऐंशी वॅटचे दिवे सुचवले जातात, कारण ते कठीण प्रवाळांच्या हिशेबाने बनलेले असतात. आपल्याकडे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व कठीण, म्हणजे खडक बांधणारी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आहेत. ते विकत घेणे किंवा किनाऱ्यावरून उचलणे हा गुन्हा आहे, मग ते मालवणच्या खडकांवरचे असोत की अन्य कुठले. खडकही त्यामुळे सिरॅमिकचे किंवा चुनखडीचे कोरडे घ्यावेत. घरच्या टाकीत मश्रूमसारखे मृदू जीव असतील तर वीस-पंचवीस वॅटचा एलईडी भरपूर झाला, आणि नुसते मासे असतील तर त्याहून कमी. शिवाय दिवा दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते रात्री बारा असा लावावा, म्हणजे दिव्याची ऊब आणि दुपारचा उकाडा एकमेकांवर चढत नाहीत. टाकीच्या रहिवाशांना घड्याळ कळत नाही, आणि ऑफिसातून आल्यावर टाकी उजळलेली दिसते हा वरचा फायदा.

काचेचे घट्ट झाकण असेल तर तेही काढून टाकावे. त्याने बाष्पीभवन थांबते हे खरे, पण त्याबरोबर थंड होण्याची वाटही बंद होते आणि हवेशी देवघेव कमी होते. मासे उड्या मारतात, गोबी तर हमखास मारते, त्यामुळे झाकण हवेच. पण ते खिडकीच्या चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीचे.

पंखा पुण्यात चालतो, डोंबिवलीत का चालत नाही

याचे उत्तर माठात आहे. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिलमध्ये माठातले पाणी दात शिवशिवण्याइतके गार होते, आणि तोच माठ मे महिन्यात डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात ठेवला तर पाणी जेमतेम कोमटपणा सोडते. विदर्भात वाळ्याच्या कूलरवर उन्हाळा निघतो, मुंबईत तोच कूलर खोलीत नुसती दमट हवा फिरवतो. मत्स्यटाकीवरचा पंखा हा माठाचाच भाऊ आहे.

घरी पडताळायचे असेल तर तापमापकाच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळून त्यावर पंखा सोडावा आणि आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबावे. बाष्पीभवनाने पाणी त्या आकड्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. पुण्यात ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना हा आकडा २१ च्या जवळ येतो. डोंबिवलीत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तो साडेसत्तावीस येतो, आणि टाकी काही फडक्याइतकी पातळ नसते. पंप आणि दिव्याची उष्णता धरता ती त्याच्या वरच दीड-दोन अंशांवर थांबते. म्हणून माझे पाणी पंख्याने २६ वर राहिले आणि भावाचे २९ च्या खाली उतरेना. त्याने दुसरा पंखा लावला; पाणी जास्त उडाले, पण तापमान अर्धा अंशही हलले नाही.

पंखा निवडताना मोठ्या पात्यांचा, हळू फिरणारा आणि पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा घ्यावा, आणि तो तापमान नियंत्रकाला जोडावा. नियंत्रक नसेल तर पहाटे गार हवेतही तो चालतच राहतो, पाणी २४ वर येते आणि दुपारी पुन्हा २८ वर चढते. माझ्या मते दिवसभर २८ वर स्थिर असलेली टाकी ही २५ आणि ३० मध्ये रोज झोके घेणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी बरी. फक्त रात्री एसी लावणाऱ्या घरात हे झोके सर्रास दिसतात आणि मालकाला वाटते, एसी आहे म्हणजे प्रश्नच मिटला. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो : समुद्राच्या पाण्यात २५ अंशांवर लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांवर सव्वासहाच्या आसपास. तेव्हा उन्हाळ्यात पॉवरहेडचे तोंड वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवावा.

पाणी भरण्याचे यंत्र

पंखा लावला की रोज दीड लिटर उडते, पण उडते ते गोडे पाणी. मीठ मागे राहते. मी गेल्या वर्षी तीन दिवस गावी गेलो होतो. साडेचार लिटर उडाले, ३५ चा खारटपणा साडेअडतीसवर गेला, आणि मी आल्या आल्या साडेचार लिटर गोडे पाणी एका दमात ओतून तो पाच मिनिटांत पुन्हा ३५ वर आणला. मासे तरले. कोळंबी दुसऱ्या दिवशी कात अर्धवट सोडून पडलेली होती. तिला उष्णतेने मारले असे मी बरेच दिवस सांगत होतो, प्रत्यक्षात त्या ओतण्याने मारले असावे.

म्हणून पंखा घ्यायचा असेल तर आपोआप पाणी भरणारे यंत्र त्याच दिवशी घ्यावे. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. पातळी ओळखणारे घटक दोन असावेत, एक नेहमीचा आणि दुसरा त्याच्या वर, पहिला अडकला तर पंप बंद करणारा. कारण तरंगत्या बोंडाखाली गोगलगाय जाऊन बसते किंवा मिठाची खपली धरते आणि बोंड जागचे हलत नाही. पाण्याची नळी कप्प्यातल्या पातळीच्या वर सुटलेली असावी, नाहीतर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहते. आणि गोड्या पाण्याचा डबा मुद्दाम लहान ठेवावा. सगळे बिघडून पाच लिटरचा डबा पूर्ण रिता झाला तरी खारटपणा ३१.८ पर्यंत उतरेल, जे माशांना सोसते. वीस लिटरचा ड्रम सोयीचा वाटतो खरा, पण तो रिता झाला तर टाकीही जाते आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओलही येते.

त्या डब्यात कोणते पाणी, हा प्रश्न दुय्यम वाटतो, पण उन्हाळ्यात तोच महत्त्वाचा ठरतो. महिन्याला चाळीस-पंचेचाळीस लिटर, म्हणजे जवळजवळ टाकीएवढे पाणी आपण नव्याने घालतो. त्यातले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका उडून जात नाहीत, साठत जातात. वाळूवर येणारा तपकिरी थर आणि खडकावरचे हिरवे केस बहुधा याचेच असतात. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी तर अजिबात नको. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी चालेल असे वाटते, पण त्यातल्या बहुतेकांत चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळले जातात. माझ्या यंत्राच्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, ६० दाखवत होते. ती मिसळण होण्याआधी, क्षार गाळणाऱ्या पटलानंतरच्या नळीला फाटा काढून घेतला तेव्हा आकडा ९ आला, आणि पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची छोटी नळी जोडल्यावर शून्य. खर्च फारसा आला नाही. प्लंबरला समजावून सांगण्यातच जास्त वेळ गेला.

चिलर, हीटर आणि राहिलेले

किनाऱ्यालगतच्या शहरात पंख्याची मर्यादा निसर्गानेच आखलेली असल्यामुळे, पंपाचे आणि दिव्याचे वॅट कमी करूनही पाणी २८ च्या वर राहत असेल तर चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. त्यात पेल्टिए पद्धतीचे, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेच्या चकतीने गार करणारे, स्वस्त चिलर पन्नास लिटरसाठी घेऊ नयेत. ते विजेच्या मानाने फारच थोडी उष्णता ओढतात आणि ऐन मे महिन्यात हात टेकतात. कॉम्प्रेसरचा, एक-दशांश अश्वशक्तीचा लहान चिलर घ्यावा आणि त्याच्या पत्रकात दिलेला प्रवाह आपला पंप देतो का हे आधी पाहावे. तो टाकीखालच्या बंद कपाटात कधीही ठेवू नये. स्वतःचीच गरम हवा परत ओढत तो न थांबता चालतो आणि कपाटाच्या वरची टाकी शेकत राहते.

हीटर मुंबई पट्ट्यात नसला तरी चालतो. पुणे-नाशिककडे जानेवारीत लागतो, पण तो लहानच घ्यावा. हीटरचा थर्मोस्टॅट खराब होतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. ५० वॅटचा अडकला तर तासाला एका अंशाहून कमी चढ होते आणि सकाळी लक्षात येते. २०० वॅटचा अडकला तर तासाला साडेतीन अंश, आणि सकाळी टाकीत कालवण. पंख्यासाठी घेतलेल्या नियंत्रकाला गरम आणि थंड अशा दोन वाटा असतील तर हीटरही त्यालाच जोडावा, म्हणजे एक थर्मोस्टॅट चुकला तरी दुसरा वीज तोडतो.

स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र, या आकाराच्या टाकीला मला अनावश्यक वाटतो. आठवड्याला सहा लिटर पाणी बदलले तर तेच काम होते, आणि स्किमरचा पंप म्हणजे पुन्हा पाच-दहा वॅटची ऊब. दिवे जातात त्या भागात मात्र बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा हवापंप हवाच. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर त्यावर एसी पंप गुणगुणतो आणि जास्त तापतो, हेही ध्यानात ठेवावे.

विजेच्या बाबतीत हयगय नको. मिठाची ओल वायरवरून सरकत प्लगपर्यंत जाते. बोर्ड टाकीच्या पातळीच्या वर आणि बाजूला असावा, प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ खाऊन गेलेली असावी, आणि त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. तो वारंवार पडू लागला तर त्याला दोष न देता, कुठल्या पंपाचे किंवा हीटरचे आवरण फुटले आहे ते एकेक उपकरण काढून शोधावे. तोपर्यंत टाकीत हात घालू नये.

भावाने शेवटी या क्रमाने केले : आधी जुना २८ वॅटचा पंप काढून ८ वॅटचा लावला, दिव्याची वेळ संध्याकाळवर नेली, काचेचे झाकण काढून जाळी बसवली. एवढ्याने दुपारचा आकडा ३०.५ वरून २९ वर आला. मग चिलर घेतला आणि २७ वर लावला. उष्णतेचा भार आधीच उतरल्यामुळे तो दिवसातून पाच-सहा तासच चालतो, म्हणजे रोज सुमारे एक युनिट. दुसरा पंखा त्याने मला परत पाठवला. तो आता माझ्याकडे सुटा ठेवलेला आहे, कारण पुण्यात एप्रिलमध्ये पंखा बंद पडला तर दुकान उघडेपर्यंत थांबता येत नाही.